आठ टायरांच्या जागी चार

डोंबिवली (पूर्व), मंगळवार

सन्माननीय साईनाथराव यांस,

स्वानंदचा सविनय नमस्कार. गुडघा आता नीट वाकतो का? चिपळूणला लेकीकडे आहात तोवर पथ्य सांभाळा, आणि हे पत्र बसूनच वाचा. तुमची बहीण खुशाल आहे (आसावरी माझ्याशी कालपासून बोललेली नाही, पण प्रकृती उत्तम).

ट्रक माझ्या हवाली करताना आपण दोनच सूचना दिल्या होत्या : मागचे झिजलेले टायर बदलावेत, आणि सोमवारी सकाळी दहाच्या आत मिठाची पोती रंगाच्या कारखान्यात पोचवावीत, नाहीतर ही हक्काची फेरी कायमची दुसऱ्याकडे जाईल. पहिल्या सूचनेत मला अपूर्व संधी दिसली! मागे जोडीजोडीने आठ टायर कशाला? प्रत्येक जोडीच्या जागी एकच रुंद टायर! तेहतीस वर्षे तंत्रनिकेतनात शिकवले, पण इतके देखणे उदाहरण हाती लागले नव्हते. पाहा : जोडीला चार भिंती (टायरच्या बाजूला भिंत म्हणावे), एकट्याला दोनच. चाक फिरताना भिंती वाकतात, वाकताना तापतात, आणि ती उष्णता शेवटी तुमच्याच डिझेलमधून येते. भिंती निम्म्या झाल्या की डिझेल वाचते. शिवाय गाडीचे वजन घटते, तेवढा माल जास्त भरता येतो. आणि जोडीच्या फटीत दगड अडकण्याचा प्रश्न मुळातच निकालात निघतो, कारण फटच उरत नाही!

तुमचा ड्रायव्हर धाकू (माणूस गुणी, परंतु शंकेखोर) चाकांखाली ठेवायला रीतीप्रमाणे दहा लिंबे घेऊन आला होता. पुढची दोन धरून चाके भरली सहाच. उरलेली चार लिंबे हातात घेऊन तो म्हणाला, "सर, जोडीतला एक बसला तर दुसऱ्यावर हळूहळू गाडी काढतो. ह्यातला बसला तर काय करू, सरबत?" मी त्याला फळ्यावर सगळे समजावले (फळा सोबत नेला होता).

सोमवारी सातला उल्हासनगरहून माल भरून निघालो, आणि विठ्ठलवाडीपाशी एक लोखंडी पट्टी मागच्या टायरात घुसली. पंक्चरवाला महेंद्र दोनदा टायराभोवती फिरला. "काका, हा टायर आहे का विहिरीचा कठडा? अख्ख्या कल्याणात मिळायचा नाय." स्टेपनी जुन्या मापाची आणि एकच; रुंद टायरचा भार तिला एकटीला पेलणारा नव्हता. (हा दोष माझ्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होताच. सहज न मिळणे, हा तिसरा.) मी महेंद्रला यादी वाचून दाखवली. तरीही गाडी दहाला दहा कमी असताना कारखान्याच्या फाटकात शिरली, आणि फेरी आपलीच राहिली! प्रयोग यशस्वी झाला, असे मी समजतो.

आपला, गुणदोषांसह,
स्वानंद

ता. क. १ : आसावरीने पत्र वाचून "गाडी पोचली कशी, तेही लिहा" असे (बोलत नसल्यामुळे) चिठ्ठीवर लिहून दिले. तर : धाकूने जुन्यांपैकी त्यातल्या त्यात बरी जोडी रिमसकट पोत्यांमागे दडवून आणली होती. ती लावली. मी फक्त बाजूला उभा राहिलो. तसे त्यानेच सुचवले होते.

ता. क. २ : शुक्रवारी धाकू उरलेले तीनही रुंद टायर उतरवून पुन्हा जोड्या बसवणार आहे. तीन टायर उत्तम स्थितीत आहेत, चौथाही दुरुस्त होईल. म्हणून मूळ विचारायचे ते असे की, तुमच्या दुसऱ्या गाडीला मागे टायर किती आहेत? धाकूला विचारले, तर त्याने दोन्ही गाड्यांच्या चाव्या खिशात घातल्या आणि तो चहाला निघून गेला.