पहिल्या रांगेतली जांभई

बाबा,

आज सकाळी चहाला उकळी येईपर्यंत माझ्या नऊ जांभया झाल्या. मोजायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे, आणि म्हणूनच मी मोजते. न मोजण्यात कोणाचा फायदा आहे हे कळल्याशिवाय मी काही सोडत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. झोप नीट झालेली आहे. कंटाळा आलेला नाही. तरी तोंड उघडतं, डोळ्यांत पाणी येतं आणि श्वास आत जाता जाता मध्येच कुठेतरी अडतो. जिन्याची आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं होतं. मग पुन्हा ओढायचा. खांदे वर करून, मान मागे टाकून, पुन्हा. पाच-सहा वेळा ओढला की एकदा तो तळाला लागतो आणि क्षणभर बरं वाटतं. दोन मिनिटांत पुन्हा तीच भूक. तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांनी हे तुम्हालाच का सांगायचं, ते शेवटी सांगते. आधी माझी बाजू ऐका. वकिलाची सवय, जात नाही.

दीड महिन्यापूर्वी आपल्या रायपूरच्या भनपुरीत एका कारखान्याच्या गेटवर सभा होती. त्यांना आणखी एक भट्टी लावायची आहे. मागच्या वस्तीतल्या बायका दोरीवरचे कपडे झटकतात तेव्हा आताच काळी भुकटी पडते. दुसरी भट्टी आली तर काय होईल हे सांगायला मला कागद लागत नव्हता. दोनशेक माणसं होती. मी रंगात आले होते. हात वर करून म्हटलं, ‘ये हवा किसी के बाप की नहीं’, आणि पुढचं वाक्य बाहेर येण्याऐवजी जांभई आली. साधीसुधी नाही, जबडा दुखेपर्यंत. ती आवरली तर दुसरी. तिसरीला कोणीतरी मागून ओरडलं, “दीदी, आपको खुद नींद आ गई क्या?” सगळे हसले. पुढे बसलेला एक म्हातारा कामगार मायेनं म्हणाला, “हव, थोरकन सुस्ता ले दीदी, हमन कहूँ नइ जावत हन.” आम्ही कुठे जात नाही, तू दम खा, म्हणे. त्या मायेनं मला जास्त लागलं. संध्याकाळपर्यंत माझी जांभई सगळ्यांच्या मोबाईलवर होती, खाली घोरण्याचा आवाज जोडून.

मी हादरले ती हसण्यामुळे नाही. जांभईवर लोकांना हसवण्याचा धंदा मी स्वतः तीस वर्षं केला आहे. तुमच्या जांभईवर. कुठेही भाषणाला उभी राहिले आणि लोक आखडून बसलेले दिसले की मी तो किस्सा काढायची. मी एकोणीस वर्षांची, आपल्या मराठी मंडळींच्या गणपतीत वक्तृत्वाची स्पर्धा, विषय स्त्री आणि स्वातंत्र्य, आणि पहिल्या रांगेत माझे वडील, रेल्वेच्या मालधक्क्यावरचे बाबू, एकामागून एक जांभया देताहेत आणि प्रत्येक जांभईला तोंडापुढे चुटकी वाजवताहेत. ‘घरी जाताना मी विचारलं, बाबा, झोप आली होती? तर म्हणाले, हो पोरी, लई गाढ. तेव्हापासून मी ठरवलं, श्रोत्यांना झोपू द्यायचं नाही!’ इथे टाळ्या. कधी चुकल्या नाहीत.

सभेनंतर माझ्या हाताखालच्या वकील पोट्टीनं मला पाणी दिलं. तिच्या घरी मराठी बोलतात, पण मी मराठीत विचारलं की ती हिंदीतच उत्तर देते. म्हणाली, “दीदी, जनसुनवाई में आप बैठके बोलिए ना. या पहला हिस्सा मैं बोल दूँ?” भट्टीला परवानगी द्यायची की नाही याची ती सुनावणी. वस्तीच्या बाजूनं बोलायला मी एकटी. तिथे मला जांभई आली तर अधिकारी हसतील, कारखान्याचा वकील हसेल आणि त्या बायकांची काळी भुकटी हसण्यावारी जाईल. आणि नेमकं त्याच वेळी हिला पहिला हिस्सा हवा होता! मी म्हटलं, “काहून? मी मेली का?” संध्याकाळी व्हिडिओ पाहिला तेव्हा तो हिनंच पसरवला असणार, हे मी ठरवून टाकलं.

मग डॉक्टर. छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, रक्त, नळीत जोरानं फुंकायची तपासणी, सगळं झालं. सगळं चांगलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, चला, सुटलो. मला मात्र चांगला रिपोर्ट दिसला की आधी खालची सही पाहावीशी वाटते. डॉक्टर म्हणाले, हवा कमी पडत नाहीये, उलट तुम्ही जास्त घेताय. तो मोठा श्वास मिळवायला जितक्या धावता तितकी त्याची भूक वाढते. मी म्हटलं, म्हणजे माझ्या मनाचे खेळ? ते म्हणाले, “तकलीफ सच्ची है मैडम. बस, बीमारी फेफड़े की नहीं है. डर की और आदत की है.” डर! मला! लाठी पाहिलेल्या बाईला! आणि मग माझी नजर त्यांच्या मागच्या भिंतीवर गेली. कॅलेंडर भनपुरीच्याच एका लोखंडवाल्याचं होतं. मी पर्स उचलली आणि निघाले.

सदर बाजारात वर दवाखाना, खाली सोनाराचं दुकान, अशा एका दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी पहिल्याचे कागद न पाहता तपासलं आणि शब्द सोडले तर सगळं तेच सांगितलं. मी चौकशी केली, तर दोघं एकाच मेडिकल कॉलेजात शिकलेले निघाले. मला वाटलं, सापडले! घरी येऊन हे त्या पोट्टीला सांगितलं. ती पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली. “दीदी, रायपुरात दुसरं कॉलेज होतं कुठं तेव्हा?”

मी पुन्हा पहिल्याच डॉक्टरकडे गेले. कॅलेंडरकडे पाठ करून बसले. त्यांनी शिकवलं ते अगदी भिकार वाटावं इतकं साधं आहे. तोंड बंद. नाकानं छोटा श्वास, पोटापर्यंत. सोडायचा सावकाश, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ. आणि मोठ्या श्वासाची हाक आली तरी उठायचं नाही. जांभई आली तर थुंकी गिळायची, थांबायचं. मला आयुष्यभर कोणी थांबायला सांगितलं की त्यात मालकाचा हात दिसतो. तरी काल सकाळी तेलीबांध्याच्या तलावाकाठी बाकावर बसून करून पाहिलं. फिरायला आलेली माणसं पुढून जात होती आणि मी दोन्ही हातांनी बाकाची कड धरून एक श्वास न घेता बसले होते. म्हणजे घेत होते, लहान लहान. हाक येत होती, घे, घे, नाहीतर मरशील. चार-पाच मिनिटं मी खरोखर घाबरले, बाबा. डर म्हणतात तो हाच असेल तर माझी त्याची ओळख जुनी आहे. मी त्याला नेहमी आवेश म्हणत आले. मग ती हाक आपोआप खाली बसली. विझली नाही. बसली. पाण्यावर एक पाणकोंबडी होती, तिच्याकडे मी बराच वेळ पाहत राहिले.

मी निघताना डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, “घर में किसी को था ऐसा?” मी म्हटलं, नाही.

आपलं क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं. माझी स्पर्धा असली की आई निघायच्या आधी मीठ-मिरच्यांनी माझी दृष्ट काढते आहे. तुम्ही दारात उभे, घड्याळाकडे बघत. मिरच्या शेगडीवर तडतडतात आणि तुम्हाला जांभई येते. एक, दोन, तीन. चुटकी, चुटकी. आई म्हणते, “पाहा! केवढी नजर लागली होती पोरीले. उतरून राहिली.” तिच्या हिशेबानं माझ्यावरची नजर तुमच्या तोंडातून बाहेर पडायची. मी पुस्तकं वाचणारी, मला त्या अंधश्रद्धेची चीड. मी म्हणायची, आई, बाबांना कंटाळा येतो एवढंच आहे ते. तिची समजूत मी उडवून लावली आणि तिच्या जागी स्वतःची बसवली, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पुरावा दोघींकडेही तेवढाच होता. तुमचं तोंड. पण घरी रविवारी, वर्तमानपत्र वाचताना, आईचं लांबलचक नातेवाइकांचं बोलणं ऐकताना तुम्हाला जांभया येत नव्हत्या. साहेब तपासणीला यायचा त्या दिवशी यायच्या. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी आल्या. आणि मी बोलायला उभी राहिले की आल्या. ही यादी मी काल बाकावर केली. तीस वर्षं उलटतपासणी करून पोट भरणारीला इतका वेळ लागला.

त्या स्पर्धेच्या दिवशी तुम्ही सायकल हातात धरून चालत होता, मी शेजारून. मला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि मी रागानं फणफणत होते. म्हटलं, बाबा, पुढच्या खेपेला झोप येणार असेल तर घरीच झोपा. तुम्ही नंतर कधीच आला नाहीत. सांगितलं ते ऐकलंत, सरकारी हुकूम ऐकावा तसं. मी बोलायला निघाले की दारापर्यंत यायचात आणि “पाणी घेतलं काय?” एवढंच विचारायचात.

पोट्टीबद्दलही सांगून टाकते. काल तिनं जनसुनवाईच्या अर्जाची प्रत माझ्यापुढे ठेवली. पहिला हिस्सा मागण्याचा अर्ज नव्हता तो. वरिष्ठ वकिलांना बसून बोलण्याची आणि मध्ये थांबण्याची परवानगी मिळावी, एवढाच होता. मी तो तीन वेळा वाचला, फसवणुकीची जागा शोधत. नव्हती. तेव्हा येत्या सोमवारी सुनावणीत मी बसून बोलणार आहे, आणि तीन वाक्यांनंतर थांबणार आहे. पहिला हिस्सा मी तिलाच दिला. तिनं विचारलं, “पक्का ना दीदी? बाद में शक तो नहीं करोगी?” म्हटलं, करीन, पण तू बोल. व्हिडिओ कोणी पसरवला ते अजून कळलेलं नाही. दोघांवर माझा डोळा आहे.

हे पत्र छातीच्या फोटोच्या मोठ्या पाकिटात ठेवते आहे, दुसरीकडे कुठे टाकणार? गुरुवारी डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं आहे. तेव्हा घरात कोणाला होतं या प्रश्नाचं उत्तर बदलीन म्हणते.

एक उत्तर मात्र आता बदलता येत नाही. त्या दिवशी सायकल थांबवून तुम्ही ‘लई गाढ’ म्हणालाच नव्हता. तुम्ही म्हणालात, “झोप नाही वं पोरी. तू बोलून राहिली होती ना, तं मले श्वास पुरत नव्हता.” मी ते नीट ऐकलं होतं. तो किस्सा पहिल्यांदा सांगितला तेव्हाच तुमचं वाक्य काढून तिथे माझं घातलं. तुमचं मला खोटं वाटलं असतं, तर मी ते बदललं नसतं.