ब्रिमिजची चिठ्ठी

श्रीनगर,
२२ एप्रिल

वलीभाई,

अस्सलाम-आलैकुम. घरी सगळे ठीक. भद्रवाहला थंडी ओसरली असेल, तुझा गुडघाही बरा असेल, अशी आशा. दर्ग्यातल्या ब्रेनच्या झाडाची फळं झडायला लागली आहेत. काल फरशीवर सगळीकडे तीच पसरली होती, पातळ पापुद्र्यासारखी, मधोमध एक बी. एक तुझ्यासाठी पाकिटात घातलं आहे. पडलेलंच उचललं. तोडलं नाही.

एकोणीस वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही.

कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात मी अजून तेच काम करतो, वाळलेल्या फांद्या कागदावर चिकटवायचं. शाहिदा मॅडम नवीन आल्या आहेत. महिनाभर आम्ही एल्म कुळाचं कपाट उपसतो आहोत. ब्रेन तिथेच राहणार, पण ब्रिमिज, आपल्या कब्रस्तानातलं ते झाड, आता त्या कुळात नाही. जाणकारांनी त्याला भांगेच्या कुळात नेलं आहे. हे ऐकून रमजान शिपाई म्हणाला, "म्हणजे कब्रस्तानातले आपले सगळे बुजुर्ग इतकी वर्षं भांगेच्या सावलीत निजलेत? तरीच कुणी उठत नाही!" मॅडम हसल्या. मीही हसलो, पण ब्रिमिजचे कागद आता एकेक करून तपासले जाणार, हे मला कळलं होतं.

तुला तो शुक्रवार आठवत असेल. तू दोन गठ्ठे आणलेस, दर्ग्यातला ब्रेन आणि कब्रस्तानातला ब्रिमिज. फळ एकाही डहाळीला नव्हतं, नुसती पानं, आणि दोघांचीही पानं तळाशी एका बाजूला कललेली, वरवर सारखीच. पुढच्या आठवड्यात आपल्या तेव्हाच्या विभागप्रमुख साहेबांनी ब्रेनचा कागद पाहुण्यांसमोर उघडला, तर त्यावर ब्रिमिजची डहाळी. "दर्ग्याच्या झाडाला हात लावायची भीती वाटली, म्हणून कब्रस्तानातली फांदी खपवलीस होय रे?" तू म्हणालास, "साहेब, वाऱ्याने पडलेली डहाळी उचलली, पण ब्रेनचीच." तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी डिंकाच्या वाटीत पाहत राहिलो. साहेबांनी चिठ्ठी लावायला सांगितली, 'संग्राहकाची चूक'. ती मीच लिहिली. महिनाअखेरीस तुझं काम गेलं.

परवा मॅडमनी त्याच शुक्रवारचा दुसरा कागद, ब्रिमिजची चिठ्ठी लावलेला, भिंगाखाली धरला. "असदुल्ला, हा भांगेच्या कपाटात कसा ठेवू? हा ब्रेन आहे. बघा, प्रत्येक शीर सरळ कडेच्या दातापर्यंत गेली आहे. ब्रिमिजला देठापाशीच तीन शिरा फुटतात, आणि त्या कडेआधीच वळतात." मग त्यांनी तारीख वाचली, आणि तुझं नाव, आणि एल्मच्या कपाटातला 'संग्राहकाची चूक' लिहिलेला कागद शेजारी आणून ठेवला. "म्हणजे ब्रेन यांनी आणला होता! मग चिठ्ठ्या बदलल्या कुणी?"

त्यांना काही ठाऊक नव्हतं. साहेब वारले आहेत. मी गप्प बसलो असतो तर तिथेच मिटलं असतं.

मी सांगितलं. जुम्म्याच्या नमाजाला उशीर होत होता, म्हणून ओले गठ्ठे मी उन्हात एकदमच उघडले. गठ्ठ्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या शेजारीशेजारी पडल्या होत्या. परत आलो आणि ज्या हाती लागल्या त्या लावल्या. साहेब बोलायला लागले त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं होतं. तेव्हा तोंड उघडलं नाही.

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. मग कोरी चिठ्ठी पुढे सरकवून म्हणाल्या, "तुमच्या हाताने लिहा. नावासकट."

आपल्या संग्रहातली रीत तू विसरला नसशील. जुनी चिठ्ठी फाडायची नाही, खोडायची नाही. नवी शेजारी लावायची. म्हणून 'संग्राहकाची चूक' अजून तिथेच आहे, माझ्याच अक्षरात. शेजारी आता हे आहे:

'संग्राहक वली खांडे यांनी दोन्ही नमुने बरोबर आणले होते. अदलाबदल चिकटवणाऱ्याने केली, आणि त्याला ते माहीत होतं. असदुल्ला तांत्रे.'

नमाज संपताना उजवीकडे सलाम फिरवला की तिथे तू असायचास. अजून तिकडे वळताना माझी मान अडखळते. माफ कर, असं लिहायला घेतलं होतं, पण ते मागायचा हक्क मला आहे का, कळत नाही. तू ये, किंवा येऊ नकोस. कागद कपाटात आहेत, कुणालाही उघडून पाहता येतील.

अल्लाह तुला सुखात ठेवो. वहिनींना सलाम सांग, त्या घेणार असतील तर.

ज्याने दोन्ही चिठ्ठ्या लिहिल्या, तो
असदुल्ला