फक्कीच्या घरात कुणी बसायला येईना

बाई, तुम्ही सुटलात. घरं बांधणारी संस्था काढलीत, तिची खुर्ची माझ्या गळ्यात मारलीत आणि आरामात निघून गेलात. इतकी वर्षं मी सोसलं, पण परवा जे झालं त्यानंतर तुम्हाला दोन शब्द सुनावल्याशिवाय राहवत नाही. मी बोलतेय, नात लिहितेय. मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ लिहिते, माझ्या बोलण्याला इस्त्री करते. करू दे. तुम्हीही तेच करायचात.

आठवतंय? शाहूपुरीतल्या तुमच्या स्वयंपाकघरात मी भांडी घासतेय, आणि तुम्ही शाळेतनं नुकत्याच रिटायर झालेल्या, शिकवायला कुणी उरलं नाही म्हणून माझ्या मागं लागलेल्या. पाटी आणलीत. मी ती दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली. ‘अगं, अक्षरं आहेत तिच्यावर!’ तुम्ही ओरडलात. ‘म्हणूनच मांजर येईना झालंय, बाई.’ मग तुम्ही पाटीचा नाद सोडलात आणि विचारलंत, राहतेस कुठं? दुसऱ्या दिवशी छत्री टेकत आमच्या दारात हजर. दार म्हणजे गोणपाट. वाकून आत आलात, बसलात, चारी बाजूंना बघितलंत आणि उठताना म्हणालात, ‘घरं बांधायची.’ जसं कुणी म्हणावं, दळण आणायचं!

घर बांधण्यातलं तुम्हाला काही कळत नव्हतं, मला तर नव्हतंच. पण पहिली जागा मिळाल्यावर तुम्ही इंजिनिअरला सांगितलंत की आधी जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं घर आखायचं, खऱ्या मापाचं, आणि जिला तिथं राहायचंय तिनं स्टो, भांडी, पोरं घेऊन एक दिवस त्या रेघांत बसायचं. ‘हे काय कबड्डीचं मैदान आहे का?’ इंजिनिअर म्हणाला. बायका बसल्या. एक म्हणाली मोरी लांब पडतेय, एक म्हणाली दार उघडलं की चूल दिसतेय. आणि सगळ्या एका तोंडानं म्हणाल्या, स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर ठेवा, बोलता येईल. ठेवल्या. पहिल्याच रविवारी एका खिडकीत मटण रटरटतंय आणि समोरच्या खिडकीत उपास! दिवाळीच्या आत सगळ्या खिडक्यांना पत्रे ठोकलेले. मला हसू आवरेना. तुम्ही खवळलात. ‘हसू नकोस. घर त्यांचं आहे, खिडकी उघडतील नाहीतर बुजवतील. आपलं काम विचारायचं.’ ना मटण तुमचं, ना उपास तुमचा, पण राग मात्र सगळा माझ्यावर.

पुढं एकाच्या तीन वसाहती झाल्या. नेसरीकडनं, मलकापूरकडनं बायका यायला लागल्या, आमच्यातबी बांधा म्हणून. मला कचेरीत न्यायचात, तेव्हा तुमचा जुना चष्मा दिलात. ‘घाल. कागदावरनं नुसती मान फिरव आणि साहेबाकडं रोखून बघ.’ त्यातनं मला दोन साहेब दिसायचे. मी दोघांनाही दम दिला. तुम्हाला दिवस मावळायच्या आत जेवायचं असायचं, त्यामुळं आपली मीटिंग कधी लांबली नाही. आता आधी वडे येतात, मग चहा येतो, मग कुणाचा तरी फोन येतो आणि शेवटी विषय येतो. तोवर मला झोप येते. दवाखान्यात पडल्या पडल्या तुम्ही कमिटीला सांगितलंत, अध्यक्ष हीच. मी म्हटलं, ‘बाई, अंगठेबहाद्दर अध्यक्ष?’ ‘अंगठाच उठव. बायकांना विचारल्याशिवाय उठवू नकोस, एवढंच.’ तेवढं एक पाळत आले. त्यासाठी किती जणांशी भांडले, ते तुम्हाला वर ऐकू आलं असेलच. माझा आवाज लहान नाही.

आता नदीकाठच्या गल्लीचं काम आहे. दर महापुरात तिथं छपरापर्यंत पाणी. त्या लोकांसाठी उंचावर जागा मिळाली, आठ मजली इमारत काढायची ठरली. आपला नवा सेक्रेटरी पुण्यात शिकून आलाय. मोबाईलवर घर फिरवून दाखवतो. ‘आजी, बघा, किचन असं सगळीकडून दिसतं.’ ‘फिरत्या किचनात भाकरी कशी थापायची रे?’ मी म्हटलं. फक्की नाही, तर अंगठा नाही. तो काकुळतीला आला. पावसाळ्याआधी काम सुरू झालं नाही तर मंजुरी जाते, ती माणसं आणखी एक पूर त्याच गल्लीत काढणार. ‘मग एक रविवार दे,’ म्हटलं.

दिला. परवाच्या रविवारी पांढऱ्याशुभ्र रेघा मारून तयार. मी सकाळपासून खुर्ची टाकून बसलेय. ऊन चढलं. एक माणूस येईना. सेक्रेटरी घड्याळ बघायचा, मी त्याच्याकडं बघायची. दुपारी त्या गल्लीतली एकटी एक बाई आली. चपलांच्या वेण्या वळते ती. रेघेच्या बाहेरच उभी राहिली.

‘आजी, उन्हात काय बसलायसा?’

‘तुझं घर बघायला. ये आत. हितं वट्टा, हितं मोरी. बस आणि सांग कुठं अडतंय.’

‘मी न्हाय बसत.’

‘का गं? लई मोठी लागून गेलीस?’

‘आजी, पूर आला की आम्ही शाळंत जाऊन राहतोय की. तितं वर्गात खडूनं रेघा मारत्यात. एका घराला एवढी जागा. माझी पोरगी न्हाणी आली ती त्या रेघांतच, चार घरांच्या माणसांम्होरं. परत रेघांत बसायला कोण येणार? भिंती द्या आमास्नी. चूल कुटंबी मांडतो.’

बाई, ती मला सुनावून मोकळी. मला! सेक्रेटरी खाली बघत उभा. तो जिंकल्यासारखं हसला असता तर निदान त्याला चार शिव्या देता आल्या असत्या. शेवटी मीच म्हटलं, ‘बरं, खिडकी कुठं पायजे तेवढं तरी सांग.’

‘पाण्याच्या वर.’

तिथंच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मी अंगठा उठवला. विचारायला तर विचारलं, आता तुम्ही मला बोल लावू शकत नाही. पण विचारायची तुमची रीतच त्यांच्या जिवाला लागणारी असेल, तर काय करायचं, हे सांगून का नाही गेलात? मला वाटलं होतं तुम्हाला सगळं माहीत होतं. इतकी वर्षं मी त्या भरवशावर भांडले.

त्या बाईला मी कमिटीवर घ्यायचं ठरवलंय. तिला बोलावलं तर म्हणाली, ‘मला लिहायवाचायला येतंय, चालंल का?’ म्हटलं, चालवून घेऊ.

नात विचारतेय, हे पत्र कुठं ठेवू. ठेव उतरंडीत, म्हटलं, टपालात टाकायचं नाही, बाई लाल शाईनं भरून परत पाठवतील. आणि एक लिही, म्हटलं, हे इस्त्री न करता लिही: ती बाई मला भर उन्हात झापत होती ना, तवा राग आला खरा, पण बरं बी वाटलं. तुमी गेल्यापास्नं मला कुणी झापलंच न्हवतं.