आउनेच्या कोपरावरचे खवले

शनिवार, ३ फेब्रुवारी १९५१

शी! आज अठ्ठावीस पाठी घासल्या, निम्म्या बघवत नव्हत्या. बायका आमच्या सौनातल्या, म्हणजे सार्वजनिक वाफेच्या न्हाणीघरातल्या, वाफेने लालबुंद होऊन येतात, माझ्या बाकावर पालथ्या पडतात — मग मी आहे नि त्यांची कातडी आहे! गजकर्ण म्हणजे कडेला लाल रिंगण, मधे बरं. नागीण एकाच बाजूला, फोडांचा पट्टा. शिबं मानेवर, भुसा सांडल्यासारखी. वीस वर्षांत डोळे तयार झाले, किळस मात्र गेली नाही.

मालकीण हुर्मेबाई म्हणाल्या, "लेम्पी, चार गिऱ्हाइकं खाजवत आली. खरूज शिरलीय आपल्याकडे. कुणी आणली ते शोध, सरकारी माणूस येऊन कुलूप लावायच्या आत!"

गुरुवार, ८ फेब्रुवारी

सापडली! आउने — कोपऱ्यावरच्या बेकरीत पीठ मळते ती. कोपरांवर, गुडघ्यांवर जाड लाल चट्टे, वर चंदेरी खवले. घासायला गेले तर पापुद्रे माझ्या तळहातावर! इतकी मुरलेली खरूज मी पाहिली नव्हती.

"अगं, माझ्या आईलाही होतं हे. पसरत नाही गं—"

"आणि याच हातांनी आम्हाला पाव खायला घालतेस?" सगळ्यांसमोर बोलले. बाहेर काढली. अंगावरचा साबणही धुऊ दिला नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

बेकरीवाल्याने तिला घरी बसवलं. मला वाईट वाटायला हवं. नाही वाटत.

सोमवार, १२ फेब्रुवारी

आउने माझ्या दारात! मी दार अर्धंच उघडलं.

"घरात न्हाणीघर नाही, लेम्पी. बादलीत फडकं बुडवून अंग पुसतेय. काम गेलं ते वेगळंच. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. तू खरी ठरलीस तर हा मोहल्ला सोडून जाईन. खोटी ठरलीस तर बेकरीत येऊन तुझ्या तोंडाने सांगायचं."

चल म्हटलं! मला कसली भीती? ती गेल्यावर दाराची कडी सोड्याने घासली.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

ट्राममध्ये तिच्याशेजारी बसले नाही, उभीच राहिले.

डॉक्टरांनी तिच्या कोपराला सरळ बोट लावलं. हातमोजेसुद्धा नाहीत! "सोरायसिस. जन्मभर चोळलंत तरी दुसऱ्याला लागायचा नाही. उद्यापासून कामावर जा." आउने रडायलाच लागली.

मी मनगट खाजवत होते. डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुमचे हात बघू."

"सौनात पाठी घासते मी. डांबरी साबणाने खाजतात," मी म्हटलं. आम्ही घासणाऱ्या सगळ्या असंच म्हणतो.

त्यांनी माझी बोटं फाकवली, भिंग धरलं. "ही खरूज. दोन महिने तरी जुनी. रोज किती पाठी घासता?"

मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

आउने माझ्यापासून दोन पावलं बाजूला सरकली.