लोकांची भांडी

आई, काल दुपारी मी कुंभकोणला उतरलो. उद्या तुझं श्राद्ध. एरवी पुण्यातच एका गुरुजींना बोलावून उरकतो, पण यंदा वाटलं, जिथे तू होतीस तिथेच जाऊन पान वाढावं. बहीण मद्रासहून येणार होती, तिच्या मुलीची परीक्षा निघाली. म्हणजे उद्या मी, दोन ब्राह्मण आणि कावळा. आज सकाळपासून हॉटेलात, देवळात, भटजींच्या घरी सगळीकडे तमिळ बोललो आणि संध्याकाळी लॉजच्या खोलीत येऊन बसल्यावर लक्षात आलं की या गावात मराठी बोलायला मला आता एकही माणूस उरलेला नाही. म्हणून हा कागद. तुला मराठी वाचता येत नव्हतं, तमिळसुद्धा तू बोट ठेवून ठेवून वाचायचीस, हे मी विसरलेलो नाही. पण सध्या तू जिथे आहेस तिथे निरक्षरता ही फार मोठी अडचण नसावी. माझी मराठी मात्र तुला परकी वाटेल. पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवायला लागलो तेव्हा पहिलं वर्षभर मी तोंड उघडलं की सहकारी विचारायचे, 'शास्त्रीबुवा, आपण पेशवाईतून परस्पर आलात का?' मग मी ती धुऊन इस्त्री करून घेतली. तुझं बोलणंही इथे बरंचसं त्याच इस्त्रीखालून जाईल. एखादी सुरकुती राहिली तर राहू दे.

आपलं घर होतं तिथे आता दुमजली इमारत आहे, खाली सायकलींचं दुकान. समोर उभा राहून मी आग आठवायचा प्रयत्न केला. फारशी आठवली नाही. चैत्रातली दुपार, सुटलेला वारा, मागच्या गोठ्यावर शाकारलेल्या नारळाच्या झावळ्या, एवढंच. ठिणगी कुठून आली ते कोणालाच कधी कळलं नाही. अप्पा वकिलांच्या कचेरीत होते, मी पाठशाळेत, आणि तू गाय सोडून, बहिणीला ओढत रस्त्यावर. मी धावत आलो तेव्हा माडीच्या तुळया खाली येत होत्या. अप्पांनी जन्मभर रोज सकाळी अग्नीला आहुती दिली होती. त्या दिवशी अग्नीने वाढायची वाट पाहिली नाही आणि स्वतःच्या हाताने घेतलं. हे मी तिथेच, त्या गर्दीत, बोललोही. एकोणीस वर्षांच्या पंडिताला असं काही सुचलं की गप्प बसवत नाही. तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. पुढे कित्येक दिवस मी विनोद केला नाही.

गल्लीच्या टोकाला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा होती, तिच्या ओसरीचा एक कोपरा आपल्याला मिळाला. मराठी राजांच्या मागून इथे आलेल्या आपल्यासारख्या घरांना इकडे 'रायर' म्हणतात. रायरांचं घर जळालं हे कळायचा अवकाश, पहिल्या संध्याकाळपासून गल्लीने आपल्याला जेवू घातलं. कोणाचं भाताचं पातेलं, कोणाची सांबाराची दगडी हंडी, कोणाचं रस्समचं कथलाचं भांडं. समोरच्या घरातल्या मामींनी तर त्यांची पितळेची उरुळी, ती लग्नकार्यात काढायची पसरट कढई, पोंगलने भरून पाठवली. प्रत्येक भांड्याच्या काठावर बारीक ठिपक्यांनी कोरलेलं मालकाचं नाव. तो उन्हाळा आपण दुसऱ्यांच्या नावांतून जेवलो. जेवणं झाली की तू भांडी घासायला बसायचीस. चिंच कोणीतरी दिलेली. राख मात्र आपली होती, आणि भरपूर होती. भांडी लखलखीत व्हायची, आणि मग भिंतीला लागून रचून ठेवली जायची. परत जायची नाहीत.

कारण भांडं रिकामं परत करायचं नाही. हे तू आम्हाला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतंस. शेजारून ताकाची वाटी आली तर जाताना तिच्यात चिमूटभर साखर, नाहीतर कढीपत्त्याच्या चार काड्या तरी गेल्याच पाहिजेत. आता साखर नव्हती आणि कढीपत्त्याचं झाड गोठ्याबरोबर गेलं होतं. पुढे तांदळाचं पोतं आलं, तू मागच्या अंगणात तीन विटांवर भात शिजवायला लागलीस, पण ते पोतंही गल्लीनेच दिलेलं. मी म्हटलं, 'ओंजळभर तांदूळ घालून दे की.' तू म्हणालीस, 'त्यांचेच तांदूळ, त्यांच्याच भांड्यांत घालून, त्यांनाच परत करूं? तुज पाठशाळेंत हेंच शिकवतात काय रे?'

एक दिवस समोरच्या मामी येऊन बसल्या. मला ती बैठक आजही दिसते. मुलीचं सासर, तळ गाठलेल्या विहिरी, नवऱ्याचा दमा, सगळं बोलून होतं. नजर मात्र सारखी तुझ्या खांद्यावरून मागे, उरुळीकडे.

'पुढच्या आठवड्यात नातवाचं बारसं आहे, मामी,' त्या तमिळमध्ये म्हणतात. इथे बायका एकमेकींना मामीच म्हणायच्या.

'वा!' तू म्हणतेस.

'पायसम करायचं म्हणते.'

'करा की.'

'बरंच करावं लागेल.'

तू मान हलवतेस. मामी पुन्हा एकदा उरुळीकडे बघतात, सुस्कारा टाकतात आणि उठतात. घर जळालेल्या बाईकडे भांडं मागायचं कसं, हे त्यांना जमत नव्हतं. आणि रिकामं द्यायचं कसं, हे तुला. दोघींच्या सभ्यतेत ती उरुळी अडकून पडली होती.

सगळेच मामींइतके सभ्य नव्हते. देवळासमोरच्या कॉफी क्लबात मी बसलो असताना मागच्या बाकावरून आवाज आला, 'रायर भांड्यांचं दुकान काढताहेत म्हणे. जागा मोक्याची आहे.' बाकीचे हसले. मी येऊन ते तुला जसंच्या तसं सांगितलं. घर जळताना तू रडली नव्हतीस. हे ऐकून तुझा चेहरा असा उतरला की मला बोलून चूक झाल्यासारखं वाटलं. 'घर गेलं तें दैवानें गेलं,' तू म्हणालीस. 'पण रायरांची बायको लोकांची भांडी दाबून बसली, हें नांव घेऊन मी या गल्लींत तोंड कसं दाखवूं?'

मी शास्त्राचा आधार काढला. म्हटलं, 'देवाला एखादं पान, फूल, नाहीतर पाणीसुद्धा चालतं. भक्तीने दिलं की झालं.'

'देवास चालतं रे. त्यास घर चालवायचं नसतं. शेजारणीस चालेल काय?'  तू अंगणातल्या आटलेल्या विहिरीकडे पाहिलंस. मग म्हणालीस, 'पाणी मात्र चालेल.'

चैत्र-वैशाखात आपली कावेरी म्हणजे नुसती वाळू. पुण्यात मी हे सांगितलं तर लोकांचा विश्वास बसत नाही. त्यांनी कावेरी स्तोत्रात पाहिलेली असते. पात्राच्या मध्यावर जाऊन हातांनी खड्डा करायचा, तळाशी ओल लागली की थांबायचं. पहिलं पाणी गढूळ येतं, ते उपसून टाकायचं. दुसरंही. मग वाळूतून हळूहळू असं नितळ, गोड पाणी झिरपायला लागतं की विहिरीचं पाणी त्यापुढे औषध वाटावं. ते करवंटीने भांड्यात भरायचं. पहाटे तू एक भांडं घ्यायचीस, मी एक घ्यायचो, आणि ज्याचं भांडं त्याच्या दारात भरून पोचतं करायचं. उरुळीच्या दिवशी आपण दोघांनी दोन कान धरले होते. निम्मं पाणी माझ्या धोतरावर सांडलं. उरलेलं मामींच्या उंबऱ्यावर ठेवून तू ताठ उभी राहिलीस.

'अय्यो, मामी! इतक्या लांबून? नुसतं भांडं दिलं असतंत तर काय झालं असतं?'

'तुमचं कांहीं झालं नसतं,' तू म्हणालीस. 'माझं झालं असतं.'

 मामींनी आतून तांब्या आणला, ते पाणी भरून घेतलं आणि तो थेट देवघरात नेऊन ठेवला. पाण्याला 'नको' कोणीच म्हटलं नाही. एकीने तेवढं घेताना भांड्यात वाकून पाहिलं. 'बघा, बघा, मासा नाहीं आला,' तू म्हणालीस, आणि अख्ख्या सोवळ्या गल्लीत ते दुपारपर्यंत पसरलं.

अप्पांना हे कळलं तेव्हा ते चिडले. एरवी कधी न चढवलेला आवाज चढवून म्हणाले, 'राजांच्या पदरीं असलेलं घराणं आपलं. त्या घरची सून पाणक्यासारखी दारोदार पाणी घालत फिरते? लोक काय म्हणतील?'

'लोक म्हणत होते तें थांबवायला तर फिरते,' तू म्हणालीस. 'आणि घराणं जळालं. भांडीं मात्र लोकांचीं आहेत.'

 दुसऱ्या दिवशी कचेरीला जाताना एक पातेलं अप्पांनी स्वतः, छत्रीआड धरून, वकिलांच्या शेजारच्या घरी पोचवलं. घराण्याची अब्रू छत्रीएवढ्या सावलीत मावली.

पण मला सांगायचंय ते भांड्यांबद्दल नाही, खड्ड्याबद्दल आहे. पाणी झिरपायला वेळ लागतो. तेवढा वेळ आपण वाळूत समोरासमोर बसायचो. त्याआधी मी तुझ्यासमोर असा कधी बसलो होतो? आपल्या घरात तू पहाटेपासून सोवळ्यात, स्वयंपाकघरात. मी उंबऱ्याच्या अलीकडे. तुला शिवायचं नाही, आत यायचं नाही. तू म्हणायचीस 'वाढलंय', मी म्हणायचो 'बरं'. एकोणीस वर्षांत आपलं संभाषण एवढंच होतं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती अलंकार होईल, पण फार मोठा नाही. धर्मशाळेत सोवळं राहिलं नाही, कारण सोवळ्याला दुसरं लुगडं लागतं.

त्या वाळूत मला कळलं की तिरुविडैमरुदूरला, माहेरी, तू पुराच्या पाण्यात पोहायचीस. की लग्नानंतर पहिलं वर्षभर तू धुराच्या निमित्ताने रडून घ्यायचीस. की तुला स्वयंपाक मुळीच आवडत नाही. 'कोणास सांगूं नकोस,' तू म्हणालीस आणि इतकी हसलीस की खड्ड्याची एक कड आत ढासळली. एकदा तू विचारलंस, दिवसभर काय शिकतोस? मी सांगितलं की कवी स्त्रीच्या मुखाला चंद्राची उपमा देतात, आणि ती निरनिराळ्या प्रकारांनी कशी देतात. तू नीट ऐकून घेतलंस. 'आणि तिचे हात भाजलेले असले तर त्यांस काय म्हणतात?' मी म्हटलं, तिथवर अजून आलो नाही. 'आलास कीं सांग,' तू म्हणालीस. मी सगळं शास्त्र वाचून संपवलं, आई. तिथवर कोणीच आलेलं नाही.

शेवटचं भांडं गेलं तेव्हा भिंत मोकळी दिसायला लागली. तू गल्लीतून चालताना पुन्हा मान वर करून, बायकांना नावाने हाका मारत चालायला लागलीस. त्याच सुमारास अप्पांनी वकिलांच्या मागच्या दोन खोल्या ठरवल्या. आणि वर कुठेतरी धरणातून पाणी सोडलं, ते कावेरीत येऊन पोचलं. सगळं गाव घाटावर लोटलं, बायकांनी फुलं वाहिली, पोरांनी उड्या मारल्या. तू पाण्याला हात जोडलेस. मी आपले खड्डे कुठे होते ते शोधत होतो.

आषाढ लागायच्या आधी आपण नव्या जागेत गेलो. तू न्हालीस, अप्पांनी आणलेलं नवं लुगडं नेसलीस, दुसरं वाळत घातलंस. मी काहीतरी सांगायला म्हणून तुझ्यामागे आत निघालो. काय सांगायचं होतं ते आता आठवत नाही, फार महत्त्वाचं नसणार. तू आतूनच म्हणालीस, 'तिथेंच थांब हो, सोवळ्यांत आहे.' त्या आवाजात केवढा आनंद होता! अप्पा बाहेर बसले होते, त्यांनी समाधानाने डोळे मिटले. मी थांबलो. त्यानंतर तू दहा-बारा वर्षं होतीस, आणि आपण चांगले बोलायचो, वाढलंय, बरं, पत्र आलंय, बरं. तुला काही कमी होतं असं मला कधी दिसलं नाही, आणि मी ते विचारलंही नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. पिंड पोचतो असं मी वर्गात शिकवतो. पत्राविषयी शास्त्र गप्प आहे. मी शिकवतो त्यावर माझा स्वतःचा विश्वास किती, हे तू उद्या पानावर बघशीलच. एक गोष्ट फक्त तुला ठाऊक नाही, अप्पांनाही कधी कळली नाही. नव्या जागेत गेलो त्या दिवशी सगळ्या गल्लीने येऊन आपल्याला म्हटलं की रायर, बरं झालं, पुन्हा घर झालं. मीही हात जोडून 'हो' म्हणत होतो. मला ते घर नको होतं.