चार गिअर मागे, एक पुढे

पिंपळे गुरव,
शुक्रवार

आदरणीय मामा,

सविनय जयभीम. इकडे सगळे ठीक आहेत. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि धम्मरत्न कॉलेजला जातो की जातो असं नुसतं सांगतो, हे आईने विचारायला सांगितलं आहे. (दुसरा प्रश्न तिच्याच शब्दांत आहे.) आईची शुगर आटोक्यात आहे. पप्पांची तब्येत रिपोर्टमध्ये उत्तम आहे. परभणी काही परदेशात नाही, फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. आमच्या घरात फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात आणि घराच्या खोल्या दोन आहेत, म्हणून पत्र.

विषय तुमच्या व्हॅनचा आहे. परभणीला जाताना तुम्ही ती पप्पांकडे सोडलीत आणि म्हणालात, "दाजी, आता तुम्हीच बघा हिचं काय करायचं ते." त्यांनी बघितलं. व्हॅनमधली शाळेची मुलं मोठी होऊन नोकरीला लागली असतील. व्हॅनचं इंजिन मात्र सध्या एका स्पोर्ट्स कारमध्ये आहे. तुम्ही पाणी पिऊन पुढे वाचावं.

झालं असं. माझ्या कंपनीतल्या रोहिणीच्या दिराने परदेशातून गाडीचं किट मागवलं होतं. किट म्हणजे लोखंडी नळ्यांचा हलका सांगाडा, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, दोन सीट आणि एक जाड पुस्तक. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल आपण कुठल्या तरी जुन्या गाडीतून काढून बसवायचा. हे सगळं वाकडला त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खोक्यांत पडून होतं आणि सोसायटीची मीटिंग दर महिन्याला याच एका मुद्द्यावर अडत होती, की हे वाहन समजायचं की अडगळ. पुढे दीर नोकरीला हैदराबादला गेला आणि वहिनीला म्हणाला, कोणी नेत असेल तर देऊन टाक. ही गोष्ट मी जेवताना सहज घरी सांगितली. पप्पांनी हातातली भाकरी खाली ठेवली. (रिटायर झाल्यापासून ते जेवताना बोलत नव्हते, म्हणून मला लक्षात राहिलं.) ते म्हणाले, "तीस वर्षं प्लांटच्या लाइनीवर गाड्या तपासल्या. प्रत्येक गाडीतले माझ्या वाटणीचे बोल्ट. एक अख्खी गाडी कधी माझ्या हातून झाली नाही." पुढच्या आठवड्यात खोकी चाकणच्या अलीकडे गेनूकाकांच्या शेडमध्ये पोचली होती.

गेनूकाका तुम्हाला आठवत असतील. पप्पांच्याच प्लांटमध्ये वेल्डर होते, उंच, आणि हसताना आधी खोकणारे. त्यांची शेती अजून आहे आणि शेतात शिरणारा एक सरळ खासगी रस्ताही आहे. तो महत्त्वाचा, कारण असली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. काम असं वाटून घेतलं की वेल्डिंग काकांचं, जोडणी पप्पांची, ड्रॉइंग आणि मोजमाप माझं.

इंजिनाने पहिल्याच दिवशी विरोध केला. व्हॅनमध्ये ते सीटखाली कलंडून झोपलेलं असायचं. तसंच झोपवून बसवलं तर स्टीअरिंगच्या दांड्याला अडायचं, उभं केलं तर बॉनेटच्या वर यायचं. मधला एक कोन मी काढला, काकांनी त्याप्रमाणे इंजिन धरणारे नवे माउंट केले, खालचं तेलाचं भांडं कापून उथळ केलं, तरी इंजिन बॉनेटच्या चार बोटं वर उरलंच. शेवटी बॉनेटला भोक पाडलं आणि त्यावर उंचवटा म्हणून आईचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं उपडं रिव्हेट केलं. (वरणाचं, मोठं. आईला ते गाडीवरच पहिल्यांदा दिसलं. ती त्याच्याभोवती एकदा फिरली आणि म्हणाली, "निदान घासून तरी बसवायचं.") वजन कमी करायचं म्हणून मी डावीकडची सीट काढून टाकायला लावली. पप्पा म्हणाले, दोन सीटची गाडी आहे. मी त्यांना आकडा दाखवला. त्यांनी सीट काढली.

पप्पांची एक सवय तुम्हाला माहीत आहे. बोल्ट योग्य ताकदीने आवळला की त्यावर पेंटच्या पिवळ्या पेनने रेघ मारायची, म्हणजे तो तपासला गेला. प्लांटमध्ये हा नियम होता. आमच्या घरात तो पंखा, मिक्सर, देव्हाऱ्याच्या जागी बुद्धमूर्ती ठेवलेली फळी आणि माझी लहानपणची सायकल, सगळ्यांना लागू झाला. या गाडीत पिवळी रेघ नसलेला एकही बोल्ट नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे घडलं त्यात एकही बोल्ट सैल नव्हता.

मागच्या दोन चाकांना फिरवणारा जो आडवा अ‍ॅक्सल असतो, त्यावर स्प्रिंगच्या पाट्या जिथे बसतात त्या जुन्या बैठका आम्ही कापून काढल्या होत्या. त्यामुळे त्याची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे सांगणारं फारसं काही उरलं नव्हतं. तो लोखंडी घोडीवर पडला होता. वरच्या बाजूला तुमच्या काळातलं तेल आणि चिखल, खालून नवा रंग. इतक्यात खंडेनवमी आली. शेडमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा गेनूकाकांच्या घरी दरवर्षी होते. काकू, म्हणजे गवराबाई, हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या, अ‍ॅक्सलकडे पाहून थबकल्या आणि म्हणाल्या, "ह्या घाणीवर कुक्कू लावू व्हय?" तेव्हा पप्पांनी आणि काकांनी मिळून तो उलटा केला. रंगवलेली बाजू वर आली, कुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. दुसऱ्या दिवशी आम्ही देहूरोडला विहारात गेलो होतो आणि इकडे काकांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर नव्या बैठका वेल्ड केल्या. समोर जी बाजू वर होती, तिच्यावर.

मी आल्यावर मोजलं. अर्ध्या मिलिमीटरच्या आत सगळं बरोबर होतं. तेल भरायचा बोल्ट नेहमीपेक्षा खाली आलेला दिसत होता. तो तिघांनीही पाहिला आणि तिघांनीही मनात म्हटलं की व्हॅनमध्ये असाच असेल. (अ‍ॅक्सल उलटा बसला की चाकंही उलटी फिरतात, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी आकृतीसह लिहिलं असतं.)

गाडी पहिल्यांदा चालवायची ठरली ती रविवारी सकाळी. निम्मा गाव आला होता. पप्पा हेल्मेट घालून बसले, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी अत्यंत सभ्यपणे मागे गेली. पप्पांना वाटलं चुकून रिव्हर्स पडला. त्यांनी दुसरा टाकला. गाडी जास्त वेगाने मागे गेली. कोणीतरी म्हणालं, "विलासभाऊ, तोंड आमच्याकडं आणि जाताय तिकडं, इलेक्शनला उभं ऱ्हायचंय का राव?" यावर पप्पांनी घाईत ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी कडब्याच्या गंजीत शिरली. बाहेर फक्त पातेलं दिसत होतं. गवराकाकू म्हणाल्या, "म्हशीचा हाय त्यो कडबा, जरा बेतानं." गंजीतून बाहेर यायला शेवटी रिव्हर्स गिअर टाकावा लागला. बाळू नावाच्या त्यांच्या पुतण्याने सगळ्याचा व्हिडिओ काढला. तो चांगला आला आहे.

इथपर्यंत लोक हसत होते आणि पप्पाही थोडे हसत होते. मग मी गाडीखाली गेले, कुंकवाची, म्हणजे मूळची खालची, बाजू वर दिसली, बाहेर आले, आणि काठीने मातीत आकृती काढून अ‍ॅक्सल उलटा कसा आहे ते सगळ्यांसमोर समजावून सांगितलं. नीट, शेवटपर्यंत सांगितलं. माझं बोलणं संपेपर्यंत सगळ्यांचं हसणं थांबलं होतं. पप्पांनी हेल्मेट काढलं, गाडीवर ताडपत्री टाकली आणि बसमधून घरी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. मी जे सांगितलं त्यात एकही चूक नव्हती, मामा. मी ते पुन्हा तपासून पाहिलं आहे.

तेव्हापासून ते शेडचं नाव काढत नाहीत. पिवळा पेन टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. सकाळी फिरायला जातात, बराच वेळ फिरतात, आल्यावर पेपर वाचतात. माझ्याशी बोलतात, पण पाऊस, भाजी, शिफ्ट एवढंच. अ‍ॅक्सल सुलटा करणं हे काही मोठं काम नाही. बैठका कापायच्या, उलटायचा, पुन्हा वेल्ड करायच्या. मी काकांना घेऊन करू शकते, पण मग ती त्यांची गाडी उरणार नाही.

तेव्हा विनंती अशी, की तुम्ही पप्पांना फोन करावा आणि चिडवावं. म्हणावं, दाजी, माझी व्हॅन इतकी वर्षं मुकाट्याने पुढे जात होती, तुमच्या हातात आली आणि मागे कशी जायला लागली. मेहुण्याचं बोलणं ते ऐकून घेणार नाहीत आणि दुसऱ्या दिवशी शेडवर जातील. मुलीचं बोलणं ते ऐकून घेतात, हीच अडचण आहे.

मामींना जयभीम, धम्मरत्नला आशीर्वाद द्यायचं माझं वय नाही, म्हणून फक्त आठवण.

आपली भाची,
मैत्री

ता. क. १: पत्र शनिवारीच टाकायचं होतं, राहिलं. पुढच्या वेळी इकडे येताना मोठं पातेलं आणावं. आई मागणार नाही.

ता. क. २: आज सोमवारी कंपनीतून लवकर सुटले म्हणून शेडवर गेले. अ‍ॅक्सल सुलटा आहे. गवराकाकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "रोज सकाळी येतोय की तुझा बाप. तुला न्हाई म्हाईत?" सगळ्या बोल्टांवर नव्या पिवळ्या रेघा आहेत. (ड्रॉवरमधला पेन वाळलेला निघाला. त्यांनी दुसरा घेतला असणार.) म्हणजे वर केलेली विनंती रद्द समजावी.

ता. क. ३: डावीकडची सीट परत बसवली आहे. तिच्या चारही बोल्टांवर रेघ आहे. सीट बरीच पुढे ओढून बसवली आहे. काका उंच आहेत, त्यांचे गुडघे तिथे मावत नाहीत. आईने या गाडीत कधीच बसणार नाही असं जाहीर केलं आहे. माझी उंची तुम्हाला माहीत आहे. एवढ्यावरून निष्कर्ष काढणं मला योग्य वाटत नाही. तरी फोन कराच आणि सहज विचारा, दाजी, शेजारी कोण बसणार. आणि रविवार सुचवा. मला सुट्टी असते, हे त्यांना सांगायची गरज नाही.