कुमारी वेई यून-शान हिच्या बेबाकी दाखल्याबाबत

प्रति,
मा. श्री. जियान,
प्रमुख, अध्यापन व नोंदणी शाखा,
वांगहाय तंत्र महाविद्यालय, कीलुंग.

अर्जदार : श्रीमती लियाओ मान-यू, सहायक, अन्नप्रक्रिया विभाग.

विषय : गोठवलेल्या खात्यातून जमा झालेल्या अंतिम गृहपाठाचा खुलासा, तो ग्राह्य धरणे व दिवंगत विद्यार्थिनीस बेबाकी दाखला मिळणे.

संदर्भ : आपल्या शाखेचे दि. १२ जून, प्रजासत्ताक सन ११३ चे, खुलासा मागवणारे पत्र (शिक्का आहे, सही नाही).

महोदय,

१. गृहपाठाची ऑनलाइन पेटी उघडल्याने कोणाचे काय भले व्हायचे होते, ते अर्जदार आधी मांडते, म्हणजे पुढचा हिशेब समजायला सोपा जाईल. प्रा. हौ यांना भांडणे नको होती. गटाने करायच्या कामात दरवर्षी एखादा आयतोबा निघतो, बाकीचे प्राध्यापकांच्या दारात येऊन रडगाणे गातात आणि त्यांचा चहा गार होतो. अर्जदाराला कागदांचे गठ्ठे नको होते. आपल्या शाखेला कोणी केव्हा काय दिले याची आपोआप नोंद हवी होती. विद्यार्थ्यांना काय हवे होते, हे कोणी विचारल्याचे आढळत नाही.

प्रा. हौ म्हणाले, "लियाओ ताई, अशी काहीतरी सोय करा की गटातल्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने दाबल्याशिवाय काम पोचणारच नाही. मागाहून कोणी 'मला ठाऊकच नव्हतं' म्हणायला नको."

अशी सोय प्रणालीत आहे. एका चौकटीत खूण केली की झाले. अर्जदाराने ती केली. त्यानंतर गटातल्या एकाने जरी 'जमा करा' दाबले नाही, तरी सगळ्यांचे काम मसुदा म्हणून पडून राहते आणि न दाबणाऱ्याच्या फोनवर रोज सकाळी संदेश जातो. संदेशाचा मजकूर प्रणालीत आधीपासून तयार असतो : "तुमच्या गटातील सर्वजण तुमची वाट पाहत आहेत." त्यात त्या वेळी कोणाला काही वावगे दिसले नाही. आपल्या शाखेची त्यावर मंजुरी आहे.

२. तिसऱ्या गटात चौघे होते. गटप्रमुख पान चिया-वेन, त्याचे दोन मित्र आणि कु. वेई यून-शान. विषय होता, माशाच्या तळलेल्या वड्या किती टिकतात. गृहपाठ दोन टप्प्यांत द्यायचा होता : सत्राच्या मध्यावर सहामाही अहवाल, शेवटी अंतिम अहवाल. वड्या यून-शानच्या घरच्या. तिचे वडील वेई चिन-शुई यांचा मंदिराबाहेरच्या बाजारात गाळा आहे. आपल्या शाखेतली मंडळी दुपारी जिथे रांग लावतात, तोच. यून-शानने आपल्या वाट्याचे सर्व काम तिघांच्याही आधी करून ठेवले होते. सहामाही अहवाल द्यायचा त्याच आठवड्यात किनाऱ्याच्या रस्त्यावर तिची स्कूटर घसरली. काम झालेले होते, फक्त दाबायचे राहिले होते.

३. बाकीच्या तिघांनी दाबले. यून-शानचा फोन घरी तिच्या फोटोपुढे, उदबत्त्यांच्या पात्राशेजारी ठेवला होता. तो रोज सकाळी थरथरायचा आणि उजळायचा. एके दिवशी चिन-शुई काका गाळ्यावरचे रबरी बूट न काढताच अर्जदाराच्या टेबलापाशी आले.

"ताई, आम्ही घरात तिला रोज सांगतो, जा बाळ, मागे वळून बघू नकोस. तुमचं कॉलेज तिला रोज सांगतं, सगळे तुझी वाट बघताहेत. पोरीने ऐकायचं कुणाचं? लहानपणापासून शाळेचंच ऐकत आलीय ती."

अर्जदाराने करता येण्याजोगे सर्व करून पाहिले. चौकटीतली खूण काढायला गेली, तर गटातल्या कोणीही एकदा दाबले की ती काढता येत नाही असे कळले. नाव कमी करावे, तर पटसंख्या वरिष्ठ कार्यालयाला कळवून झालेली आहे आणि सत्र संपेपर्यंत त्यातले एक डोके कमी होणार नाही. गट बदलावा, तर त्यासाठी विद्यार्थ्याच्या सहीचा अर्ज लागतो. आपल्या शाखेच्या खिडकीवर मिळालेले उत्तर शब्दशः असे : "मग तिला येऊन सही करायला सांगा की." बोलणाऱ्या मुलीच्या लक्षात आले तेव्हा तिने खिडकी लावून घेतली. ती मुलगी बरी आहे. तिच्यावर कारवाई नको.

४. सातव्या दिवशी गेलेले माणूस घरी फिरून येते. त्या दिवशी काकांनी फोटोपुढे कौल लावला. चंद्रकोरीसारखे लाकडी तुकडे हातात घेऊन विचारले, "बाळ, तुझ्या वतीने मी दाबू का?" तिन्ही वेळा उजवा कौल आला. मग पासवर्डची पंचाईत झाली. जन्मतारीख चालली नाही, आईचे नाव चालले नाही. शेवटी गाळ्याचे नाव आणि नंबर घातला तेव्हा उघडले. काका अर्जदाराला म्हणाले, "मला वाटायचं तिला आमच्या गाळ्याची लाज वाटते. मैत्रिणींना कधी आणायची नाही तिकडे." त्याच दिवशी त्यांनी दाबले आणि सहामाही अहवाल पोचला.

५. त्यावर आपल्या शाखेने 'दिवंगत व्यक्तीच्या खात्याचा अन्य इसमाकडून वापर' अशी हरकत घेऊन यून-शानचे खाते गोठवले. मात्र गटातले तिचे नाव तसेच राहिले. म्हणजे जिने दाबल्यावाचून अंतिम अहवाल पोचणार नाही, तिलाच दाबायची बंदी झाली, आणि ती दाबत नाही म्हणून संदेश चालू राहिले.

शिवाय सहामाही अहवालासाठी 'सदर विद्यार्थिनीची लेखी संमती' मागवण्यात आली. काकांनी ती आणून दिली (सोबतपत्र १). त्यात कौलाचे तीन फोटो असून शेजारच्या कोळंबीवाल्या बाईंची साक्षीदार म्हणून सही आहे. खिडकीवरच्या मुलीने विचारले, "काका, हे मी कुठल्या रकान्यात घालू?" काका म्हणाले, "देवाने उत्तर दिलंय, रकाना तुम्ही शोधा." तो सापडला नाही. संमती प्रलंबित आहे.

यानंतर अर्जदार व पान चिया-वेन महोदयांना समक्ष भेटले. चिया-वेनला दूध कारखान्यात नोकरी ठरली आहे, पदवी हातात नसेल तर ती जाईल. बाकी दोघांचेही तसेच काही ना काही आहे. तो म्हणाला, "सर, आम्ही नापास झालो तर पुन्हा बसू. पण नापासांच्या यादीत तिचंही नाव लागेल. ते सूचनाफलकावर कोणी लावायचं? मी नाही लावणार." महोदय म्हणाले, "नियम मी केलेला नाही. मी फक्त त्याच्या दारात बसतो." हे खरे आहे. तेव्हापासून महोदय वड्या आणायला स्वतः जात नाहीत, शिपायाला धाडतात, हेही बाजारात सर्वांनी पाहिले आहे. काका शिपायाच्या पुडीत दोन वड्या जास्त घालतात. का, ते अर्जदाराने विचारलेले नाही.

६. एकोणपन्नासाव्या दिवशीचे शेवटचे विधी झाले. जाळलेले गेलेल्या माणसाला पोचते, म्हणून इतर वस्तूंबरोबर काकांनी तिच्यासाठी एक कागदी फोन जाळला. दुकानदाराने विचारले, "चार्जर पण देऊ का? नाहीतर लोक मागाहून स्वप्नात येऊन मागतात." काकांनी चार्जर घेतला आणि फोनच्या पाठीवर पासवर्ड लिहून दिला. दुसऱ्या दिवशी नौकांच्या शर्यतीच्या सणाची सुट्टी होती. त्या सकाळी, अंतिम मुदत संपायच्या आत, तिसऱ्या गटाचा अहवाल पोचला. चौथ्या नावापुढे 'जमा केले' असे आले. काकांच्या घरी फोटोपुढचा फोन पुन्हा उजळला, पण मजकूर निराळा होता : "तुमचे काम मिळाले. धन्यवाद." त्यानंतर तो उजळलेला नाही. काकांनी अर्जदाराला फोन करून एवढेच सांगितले, "ताई, आज घर रिकामं वाटतंय." आवाज रडल्याचा नव्हता. ओझे उतरवून ठेवल्यावर माणूस बोलतो तसा होता.

७. (हा परिच्छेद वेगळ्या पानावर टंकलेला आहे. महोदयांनी वाचून ते पान काढून घेतल्यास अर्जाला बाध येणार नाही.)

गोठवलेल्या खात्यातून दाबले कसे गेले, हा आपल्या पत्रातील प्रश्न. काकांना ते शक्य नव्हते, खाते कुलूपबंद होते. चिया-वेनला व त्याच्या मित्रांना शक्य नव्हते. अर्जदाराला अधिकार नाही, प्रा. हौ यांना प्रणालीत शिरता येत नाही. संगणक केंद्राचा खुलासा एका ओळीचा आहे : "यंत्रात दोष नाही, यंत्र शहाण्यासारखे वागावे म्हणून त्याच्यावर ठेवलेली मक्याच्या खाऊची हिरवी पुडीही मुदतीत आहे." गोठवलेले खाते उघडण्याची किल्ली महाविद्यालयात एकाच माणसापाशी असते, शाखाप्रमुखांपाशी.

फाटकावरचे राखणदार अर्जदाराला म्हणाले, "लियाओ ताई, सणाच्या सकाळी मोठे साहेब येऊन गेले. म्हटलं, साहेब, आज कसे? तर म्हणाले, छत्री राहिली होती. छत्री हातात होती, आणि उघडलेली होती. मी फाटक उघडलं. आपल्याला काय करायचंय."

तेव्हा अर्जदाराला वाटले की उलगडा झाला. महोदयांबद्दल जे वाटले ते लिहिण्याचा हुद्दा अर्जदाराचा नाही. खुलासापत्राचे काय, तर ते रीत म्हणून निघाले असेल, कारकुनाने शिक्का मारला असेल, असे धरून चालले होते. मग अर्जदाराने त्या सकाळच्या नोंदी उघडल्या आणि क्रम पाहिला. पहिली नोंद नेहमीच्या संदेशाची आहे. दुसरी यून-शानच्या खात्यातून 'जमा करा' दाबल्याची. खाते उघडल्याची नोंद तिसरी आहे, ते पुन्हा गोठवल्याची चौथी. तिसरी आणि चौथी यांच्यामध्ये काहीही नाही.

म्हणजे ज्या कामासाठी किल्ली लावली गेली, ते काम किल्ली लागण्याआधीच झालेले होते. महोदयांचा प्रश्न रीतीचा नव्हता हे अर्जदाराच्या तेव्हा ध्यानात आले. ज्याने स्वतः दाबले असते, त्याने कोणी दाबले असे विचारले नसते. राखणदार आणखी एक वाक्य बोलले होते, त्याचा अर्थ आता लागतो : "जाताना साहेबांचा चेहरा असा होता, जसं रिकामी समजून खोली उघडावी आणि आत कोणीतरी बसलेलं असावं."

अर्जदार गेले दोन दिवस त्या नोंदींकडे बघते आहे. दुसरा खुलासा तिच्यापाशी नाही. खरे सांगायचे तर तो शोधायची इच्छाही उरलेली नाही. संध्याकाळी विभागात एकटी असताना ती आता संगणकाचा पडदा भिंतीकडे फिरवून ठेवते.

८. सबब नम्र विनंती की,

त्या नोंदीत 'जमा करणारी व्यक्ती' या रकान्यात प्रणालीने 'विद्यार्थी' असे आपणहून भरले आहे, ते तसेच राहू द्यावे व चौघांचा अहवाल ग्राह्य धरावा.

तसेच कु. वेई यून-शान हिला बेबाकी दाखला द्यावा. कॉलेज सोडणाऱ्याने प्रत्येक विभागाचा शिक्का घेऊन फिरायचे असते, ते काम तिच्या वतीने काकांनी केले आहे. ग्रंथालयाचे पुस्तक परत गेले, प्रयोगशाळेचा पांढरा कोट धुऊन इस्त्री करून दिला, स्कूटर उभी करण्याचा परवाना अपघाताच्या ठिकाणाहून पोलिसांनी आणून दिला होता तोही जमा झाला. राहिला तो आपल्या शाखेचा शिक्का. शंभराव्या दिवशी काका हा दाखला जाळणार आहेत. त्यांचे म्हणणे असे : "पुढे कुठल्या फाटकावर कोणी अडवलंच तर तिच्या हातात कागद असावा. तुम्हा लोकांचा काही भरवसा नाही." अर्जदाराने त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले आहेत.

आता शेवटचा हिशेब. प्रा. हौ यांना या सत्रात एकही भांडण सोडवावे लागले नाही, त्यांचा चहा गरम राहिला. अर्जदाराचे कागदाचे गठ्ठे वाचले. आपल्या शाखेला नोंदी मिळाल्या, मागितल्या होत्या त्याहून एक जास्त. तिघांना पदव्या मिळतील. महोदयांची सणाची एक सकाळ गेली, ती अर्जदार महोदयांच्या बाजूने जमेस धरते. काकांनी काय मोजले ते या प्रणालीत भरता येत नाही. आणि यून-शानकडे एकच गोष्ट बाकी होती, तिच्यावाचून तिघांचे अडले होते, ती तिने येऊन चुकती केली. महाविद्यालयाचे तिच्याकडे आता काहीही येणे नाही. एवढेच आपण लिहून द्यावे.

या अर्जाची स्थळप्रत ठेवलेली नाही.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
लियाओ मान-यू
दि. १४ जून, प्रजासत्ताक सन ११३

सोबत :
१. विद्यार्थिनीची संमती : कौलाचे तीन फोटो, साक्षीदाराच्या सहीसह (मूळ प्रत, काकांना परत हवी आहे).
२. संगणक केंद्राचा खुलासा, एक ओळ.
३. अंतिम अहवाल, तिसरा गट, चार नावे.
४. कु. वेई यून-शान हिचा बेबाकी दाखला, इतर सर्व शिक्के पूर्ण, एक चौकोन रिकामा.